मास्तरोबाच्या शोधात: घाटकोपर ते बोरिवली

आधीच सांगून ठेवते, बोरिवलीच्या डोंगरात आदिमानवाची चित्रं बघायला जायचं असेल तर माझ्या वडिलांबरोबर जाऊ नका. आता ते नाहीत, म्हणून तुम्ही सुटलात. मी मात्र गेले होते. त्या एका रविवारी मी जेवढी चिडले, तेवढी पुढे चाळीस वर्षांच्या संसारातही चिडले नाही, आणि संसार काही सोपा नव्हता.

नात म्हणते, "आजी, लोकांच्या ट्रेकच्या पोस्ट वाचून नुसती नाकं मुरडतेस. तूच लिही ना एक." तर ही घ्या. पन्नासच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही घाटकोपरला राहायचो. मी मॅट्रिक होऊन नुकतीच टेलिफोन ऑफिसात लागले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. रिटायर झालेला मास्तर घरात असला की काय होतं ते ज्यांच्या घरात झालंय त्यांनाच विचारा.

अण्णांना आयुष्यात एकच वेड. तरुणपणी ते कान्हेरीची लेणी काढायला वही घेऊन गेले आणि परत येताना जंगलात वाट चुकले. देवू नावाच्या एका वारली आदिवासीने त्यांना दुपारच्या उन्हात एका कपारीखाली बसवलं. वर बघतात तर खडकावर गेरूच्या रंगात चित्रं. एक वशिंडाचा बैल, एक पळणारं हरीण आणि हरणामागे तीन शिकारी. अण्णांनी संध्याकाळपर्यंत बसून सगळं वहीत उतरवून घेतलं. ती ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली वही आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी असायची.

पण विश्वास कोण ठेवणार? हेडमास्तर म्हणाले, गुराख्याच्या पोरांनी काढलं असेल. एका विद्वानाने तर मासिकात लिहिलं की मास्तरांची कल्पनाशक्ती दांडगी आहे. ते वाक्य अण्णांना जे लागलं ते लागलंच. पुढे कुठल्याही लग्नामुंजीत कुणी ना कुणी विचारायचंच, "काय अण्णा, हरीण काय म्हणतंय?" अण्णा हसायचे. घरी आल्यावर मात्र जेवायचे नाहीत.

त्या वर्षी दादरला पुण्याच्या एका प्रोफेसरांचं दगडी हत्यारांवर व्याख्यान झालं. व्याख्यान संपल्यावर अण्णा भर सभेत उभे राहिले आणि त्यांनी वही उघडून दाखवली. लोक हसले, पण प्रोफेसर हसले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं: येत्या रविवारी येतो, जागा दाखवा, चित्रं खरी असली तर सरकारी खात्याला लिहून जागा राखायची व्यवस्था करू. अण्णांनी ते कार्ड माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की त्याचे कोपरे मऊ पडले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणून मागे लागले होते आणि अण्णांचं एकच: "आधी हरीण, मग डोळे." आता ज्याला ते हरीण बघायचंय त्यानेच आधी डोळे नकोत का करायला? पण सांगणार कोण.

म्हणून आईने माझी नेमणूक केली. "कुसुम, तू जा. त्यांना खड्डा दिसत नाही." आणि शेजारच्या सावंतकाकांना स्वतःहून यायचं होतं. सावंतकाका मालवणकडचे, गिरणीत जॉबर होते, कामगारांवर देखरेख करायचे. "जंगलात जातास, माणूस नको बरोबर?" असं म्हणून त्यांनी दोरखंड, कोयता आणि काकूंनी केलेले घावणे घेतले. घावण्यांबरोबर सुकटाची चटणी. तिचा वास दादरपर्यंत सगळ्या डब्याला पुरला.

दादरला प्रोफेसर भेटले. स्वच्छ धोतर, कोट, आणि हातात एवढी मोठी बॅग. "आत काय आहे?" मी विचारलं, कारण ती बॅग शेवटी कोण उचलणार हे मला दिसत होतं.

"स्पिरिट, कापूस, बांबूच्या पात्या, मोजपट्टी, भिंग. आणि छत्री," ते म्हणाले.

"मार्गशीर्षात छत्री?"

"असलेली बरी." पुण्याचा माणूस, यावर पुढे काय बोलणार.

बोरिवलीला उतरल्यावर टांगा केला. टांगेवाला म्हणाला, कान्हेरीला दीड रुपया. अण्णा म्हणाले, कान्हेरीला नाही, अलीकडे, ओढा लागतो तिथून उजवीकडे. टांगेवाला म्हणाला, ओढे तीन आहेत. अण्णा म्हणाले, ज्याच्या काठी दोन ताड आहेत तो. टांगेवाल्याने आजूबाजूला पाहिलं. तुम्ही त्या काळात बोरिवली पाहिली नसेल, तिथे ताडांशिवाय दुसरं होतं काय! दारूबंदी असल्यामुळे ताडाखाली नीरेचे स्टॉल होते, आणि सावंतकाका प्रत्येक स्टॉलपाशी टांगा थांबवून "वाट विचारून" येत होते. चौथ्या स्टॉलला मी सांगितलं, "काका, आता उतरलात तर परत चढू देणार नाही."

"गे, तुझ्या बापाशीक वाट ठावक नाय, म्हणान विचारतंय ना!" काका म्हणाले. हे मात्र खरं होतं.

शेवटी एका ओढ्याशी टांगा सोडला आणि चालायला लागलो. टाचेच्या चपला घालून गेले होते. जाणार असाल तर हा मूर्खपणा करू नका. कुसळांनी माझ्या साडीच्या काठाची वाट लावली. पुढे मी, माझ्या खांद्यावर हात ठेवून अण्णा, मागे प्रोफेसर, आणि बॅग माझ्या हातात. अण्णा ठामपणे सांगायचे, "आता डावीकडे मोठं काकडाचं झाड." झाड नसायचं. "आता पायवाट चढेल." पायवाट उतरायची. दोनदा आम्ही एकाच वारुळाशी आलो.

अकरा वाजता सावलीत बसून खाल्लं. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी आमची. सुकट आल्यावर प्रोफेसर उठून वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसले. मी मघापासून विचारणार होते ते विचारलं. "सर, चित्रं सापडली तरी ती किती जुनी ते कसं कळणार? तिथे काय जन्माचा दाखला ठेवलाय?"

त्यांना राग आला नाही. "दाखला नसतोच. खुणा असतात," ते म्हणाले. "पहिली खूण म्हणजे खडकातून पाणी झिरपून चित्रावर पांढरट कवच धरतं. रंग कवचाच्या खाली असला तर तो कवचाहून जुना. दुसरी, कुठलं चित्र कुठल्या चित्रावर काढलंय ते. वरचं नवं, खालचं जुनं. तिसरी, शिकाऱ्याच्या हातात काय आहे. लोखंडी पातं असेल तर फार मागे जाता येत नाही. नुसती काठी आणि दगड असेल, तर मास्तर, आपलं भाग्य."

"काठीच आहे," अण्णा म्हणाले. "मी काढून घेतलीये."

"वहीतली नको. खडकावरची पाहिजे," प्रोफेसर म्हणाले. अण्णांनी पोळी तशीच ठेवली.

पुढे ओढा ओलांडून चढण चढलो, आणि झाडी एकदम संपली. समोर खड्डा. साधासुधा नाही, उभे कापलेले काळे कडे, तळाशी खडीचे ढीग आणि हिरवं पाणी. मुंबई वाढत होती, उपनगरात जिकडेतिकडे घरं उठत होती. त्या घरांना लागणारी खडी कुठून येते याचा आम्ही कधी विचार केला नव्हता.

"आता समोर बुटकी टेकडी दिसेल," अण्णा म्हणाले. "तिच्याच पोटात कपार."

सावंतकाकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! मास्तरानू, ह्यो डोंगर खय गेलो?"

"इथेच होता," अण्णा म्हणाले. त्यांना खड्डा दिसतच नव्हता. मला रडू यायला लागलं आणि त्याचा अजून राग आला. इतक्या वर्षांत एकदा येऊन बघायला काय झालं होतं? शेवटचे आले ते माझ्या जन्माआधी! रविवार काय आले नव्हते मधे?

रविवार असल्यामुळे खाण बंद होती. झोपडीतून मुकादम बाहेर आला, लुंगीवर शर्ट अडकवत. कोण तुम्ही, काय पाहिजे? मी म्हटलं, इथे एक कपार होती, चित्रांची. तो म्हणाला, चित्रंबित्रं काही माहीत नाही. मग त्याने अण्णांकडे आणि त्यांच्या बगलेतल्या वहीकडे पाहिलं. "मास्तरोबाला आलात का?"

"कोण मास्तरोबा?"

"इथला देव. त्या बाजूला आहे. त्यानेच तर आमचा धंदा अडवलाय."

अण्णांचा माझ्या खांद्यावरचा हात घट्ट झाला. मी वळून पाहिलं तर चेहरा पार उतरलेला. मास्तरकी केलेल्या माणसाचा असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. कॉपी करताना पकडलेल्या पोराचा असतो तसा होता.

खाणीला वळसा घालून गेलो. सगळी टेकडी कापून नेली होती आणि मधोमध दोन माणसं उंचीचा एक सुळका तेवढा उभा ठेवला होता. त्याला कपार होती. कपारीची आतली भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत शेंदराने माखलेली होती. बोटभर जाड. मधे चांदीचे दोन डोळे चिकटवलेले, समोर नारळाची करवंटी आणि पणती. एक म्हातारी झाडत बसली होती. देवूची बायको, रखमी. देवू कधीच गेला होता.

तिने अण्णांना लगेच ओळखलं. "मास्तर! तुमी सांगून गेलं, जपा. आमी जपला."

आणि मग सगळं बाहेर आलं. त्या वेळी लाकूडतोडे कपारीत चुली मांडायचे आणि धुराने चित्रं काळी पडायला लागली होती. देवू म्हणाला, मास्तर, शेंदूर लावा, देव झाला की कुणी चूल मांडायचं नाही. आणि आमच्या अण्णांनी, चित्रकलेच्या मास्तरांनी, नारळ फोडून तिथे शेंदूर लावला!

"कोपऱ्यात लावला होता गं," ते मला म्हणाले. "एवढासा. टिकलीएवढा. चित्राला धक्का नव्हता."

"टिकलीएवढा!" मी ओरडलेच. "आणि तीस-पस्तीस वर्षं दर अमावास्येला हे लोक नुसती टिकलीच लावत बसणार होते का? देव आहे म्हटल्यावर हात आखडता घेतं का कुणी? तुम्हाला कळलं नाही हे?"

ते खरंच कळलं नव्हतं त्यांना. देवू रखवाली करतोय या भरवशावर ते इतकी वर्षं निवांत होते.

प्रोफेसर मात्र गुडघ्यावर बसून भिंग लावून भिंतीची कड न् कड बघत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कुसुमताई, ती वही आणा." डाव्या टोकाला, जिथे शेंदूर संपत होता, तिथे वीतभर खडक मोकळा होता. त्यावर पांढरट कवच, आणि कवचाखाली गेरूची एक बारीक वाकडी रेघ. खाली खूर. मी वही शेजारी धरली. हरणाचा मागचा पाय. तसाच वाकलेला, तसाच खूर, पोटरीपाशी रेघ जराशी तुटलेली, तीसुद्धा तशीच. अण्णांनी तुटलेली रेघ तुटलेलीच काढली होती.

"आहे का गं?" अण्णांनी विचारलं. नाक खडकाला लागेल इतके जवळ गेले होते, पण त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"आहे," मी म्हटलं. "हुबेहूब आहे." आणि मघाशी ओरडले होते म्हणून मला माझीच लाज वाटली.

प्रोफेसर उठून उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "मास्तर, चित्र खरं आहे. जुनंही आहे. पण नुसत्या एका पायावरून किती जुनं ते मी सांगू शकत नाही. पाचशे वर्षं म्हणा की पाच हजार. मला शिकाऱ्याचा हात बघावा लागेल. तेलात कालवलेला शेंदूर म्हणजे ऑइल पेंटच झाला, सहज निघणार नाही. थोडा रंग जाईलही. पण वीतभर जागा स्पिरिटने मोकळी करतो. हातातली काठी दिसली की उद्या सगळ्या विद्वानांना लिहितो." त्यांनी रखमीला विचारलं, तुमची हरकत आहे का?

रखमी म्हणाली, "मास्तरांनी बसवला, मास्तरच बोलतील."

तेवढ्यात मागे उभा असलेला मुकादम म्हणाला, "साहेब, सरळ बोलतो, राग मानू नका. शेंदूर आहे तोवर माझी माणसं याला पहार लावत नाहीत. शेठने दोनदा सांगून पाहिलं, कुणी पुढे होईना. पण उद्या तुम्ही पुसलंत आणि खाली नुसत्याच रेघोट्या निघाल्या, तर मग तो दगड आहे. दगड शेठचा." त्याने बोट दाखवलं. हरणाच्या पायापासून हातभर अंतरावर, मोकळ्या खडकावर, चुन्याची फुली होती. "शेंदूर जिथे नाही तिथे सुरुंग लावायचा हुकूम आहे. उद्या सकाळी."

"मी खात्याला पत्र लिहितो, ते काम थांबवतील," प्रोफेसर म्हणाले.

"कधी?" अण्णांनी विचारलं.

प्रोफेसर खरं बोलणारे होते. "प्रस्ताव जाईल, पाहणी होईल, मंजुरी. वर्ष. कदाचित दोन."

स्पिरिटची बाटली प्रोफेसरांच्या हातात उघडी होती आणि तिचा वास येत होता. मला वाटत होतं अण्णांनी हो म्हणावं. इतकी वर्षं लोक यांना हसले होते. एकदा, एकदाच, काठी दिसू दे, मग जाऊ दे तो दगड खड्ड्यात! मी तसं म्हटलंसुद्धा. "अण्णा, हो म्हणा."

अण्णा म्हणाले, "रखमाबाई, शेंदूर आहे का?"

तिने वाटी पुढे केली. तेल होतंच. अण्णांनी तळहातावर शेंदूर कालवला आणि मला म्हणाले, "पाय कुठे आहे ते दाखव. माझा हात धरून ने."

मी नाही म्हटलं. साफ नाही म्हटलं. सावंतकाकांनी माझ्या हातातली वही काढून घेतली आणि इतकंच म्हणाले, "गे, हात धर बापाशीचो."

मी हात धरून नेला. अण्णांनी आधी चुन्याच्या फुलीवर लावला, मग तिथून सरकत सरकत हरणाच्या पायापर्यंत आले आणि तिथे थांबले. प्रोफेसर म्हणाले, "एक मिनिट." त्यांनी मोजपट्टी लावून पायाचं माप घेतलं, स्वतःच्या डायरीत पाय काढला. मग अण्णांच्या वहीत हरणाच्या चित्राखाली लिहिलं, "यातला मागचा पाय मी खडकावर स्वतः पाहिला," आणि सही केली. मग बाटलीला बूच लावलं. अण्णांनी पाय झाकून टाकला. मुकादमाने चप्पल काढून नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर बॅग प्रोफेसरांनी स्वतः उचलली. घाटकोपरला पोचल्यावर आईने अण्णांच्या धोतरावरचे शेंदराचे डाग बघून आकाशपाताळ एक केलं. ते डाग शेवटपर्यंत गेले नाहीत, ते धोतर पुढे फडक्याला गेलं.

अण्णांचं ऑपरेशन महिनाभरात झालं आणि नजर छान आली. मग मी त्यांना परत घेऊन गेले. नव्या नजरेने त्यांनी काय पाहिलं, तर शेंदूर. तरी तासभर बघत बसले होते. प्रोफेसरांनी शब्द पाळून खात्याला पत्र लिहिलं. दोन वर्षांनी उत्तर आलं की सांगितलेल्या जागी पाहणी केली असता चित्रं आढळली नाहीत, एक ग्रामदेवता आढळली. मी ते पत्र फाडायला निघाले होते. अण्णांनी ते नीट घडी करून वहीत ठेवलं. पुढेही लग्नात कुणी विचारलं की "अण्णा, हरीण काय म्हणतंय?" तर ते म्हणायचे, "बरं आहे." घरी येऊन जेवायचे मात्र.

आता तिथली खाण बंद आहे. खड्डा बुजला, इमारती झाल्या. एका सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून मास्तरोबा आहे, वर पत्रा, पुढे लादी. आता नवीन यंत्रं आलीत, म्हणे शेंदराखालचंही दिसतं, काढावा लागत नाही. नात म्हणते, आजी, कळव ना कुणाला तरी. मी तीन वेळा पत्र लिहिलं, पण पेटीत टाकलं नाही. सोसायटी पुन्हा बांधायला काढलीये आणि बिल्डरने बाजूची सगळी जागा मोजून नेली. फक्त देवाला कुणी हात लावत नाही. म्हणून पत्ता देणार नाही. शोधा, सापडला तर तेल घेऊन जा.

मी वर्षातून एकदा जाते. रिक्षावाल्याशी भांडते, सोसायटीच्या वॉचमनशी भांडते, गुडघ्यांना शिव्या घालते, अण्णांनाही घालते. मग बसून शेंदूर कालवते आणि लावते. डाव्या टोकाला, त्या वीतभर जागेवर, जरा हलक्या हाताने.